भोंगा कधीचा

मला स्वस्थ बसता येत नाही. लग्नाच्या मांडवात बसले तरी हात खुर्चीखालचा सैल बोल्ट शोधत असतो. कळमनुरीच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवून शिकवून हा रोग जडला, असं मी लोकांना सांगते. दादांच्या मते तो जन्मापासूनचा आहे. वडलांना आम्ही घरात दादाच म्हणतो. ते डोंगरकड्याला राहतात, एकटेच, आमच्या जुन्या गल्लीत, विहारापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होते आणि पोरं कानस घासत होती.

"येऊन जा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"मशीनचं कायतरी काढलंय लोकांनी. ये तू."

मशीन म्हणजे आमच्या घरातला ग्रामोफोन. लाकडी पेटी, उजव्या अंगाला किल्ली, वर तबकडी फिरायची थाळी आणि मागून वर आलेला पितळेचा मोठा भोंगा. माझे आजोबा पूर्ण्याला रेल्वेत गँगमन होते. देश सोडून चाललेल्या एका गार्डाकडून त्यांनी ते घेतलं आणि बैलगाडीत घालून गावी आणलं. गाडी खड्ड्यात आपटून भोंग्याला पोचा पडू नये म्हणून आजोबा वाटभर भोंगा छातीशी धरून बसले होते, ही गोष्ट दादा दरवर्षी सांगतात. दरवर्षी म्हणजे चौदा एप्रिलच्या जयंतीला. सकाळी वंदना झाली की दादा मशीन विहारासमोरच्या टेबलावर ठेवतात, चार शब्दांत आजोबांची गोष्ट सांगतात आणि शहनाईची तबकडी लावतात. घरात धड राहिलेली तेवढी एकच. ती संपली की मग पोरांचा डीजे सुरू होतो. आदल्या दिवशी भोंगा चिंचेनं घासून लख्ख करायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं.

मी संध्याकाळी पोचले. हळद शिजवायचे दिवस होते, गावात शिरतानाच तो उग्र, ओला वास नाकात बसला. दादा ओसरीवर बसले होते. मशीनवर चादर घातलेली होती. चादर पाहूनच माझं टाळकं सरकलं, कारण त्यांनी ते असं कधी झाकलं नव्हतं.

झालं होतं ते असं. गावातल्या मोठ्या जमीनवाल्या घरातला एक नातू नांदेड रोडवर मंगल कार्यालय बांधतोय. दारातच जुन्या वस्तू मांडायची त्याला हौस आहे: पितळी घंगाळ, दळायचं जातं, बैलगाडीचं चाक. मशीन विकत मागायला तो आला, भोंगा पाहिला आणि किंमत न विचारताच परत गेला. दुसऱ्या खेपेला आला तो एक फोटो घेऊन. त्याच्या पणजोबांच्या लग्नातला. पाटावर नवरा-नवरी, बाजूला टेबल, टेबलावर भोंग्याचा ग्रामोफोन. निजामाच्या काळातला. पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत तो ग्रामोफोन घरातून गेला, असं त्याची आजी सांगायची. आणि माझे आजोबा रेल्वेत लागायच्या आधी त्याच घरी सालगडी होते.

पुढचं कोणी आमच्या तोंडावर बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

"ताई, आमचं काही भांडण न्हाई," दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला. अर्धवट बांधलेल्या कार्यालयात उभा होता, हातात टाइल्सचे नमुने. "त्या काळी लोकांनी काय काय नेलं, कोन कोनाचं बघत व्हतं. फक्त जे आमचं हाय ते आमच्या घरात यावं, इतकंच."

"नेलं म्हणजे?"

"तुमी समजून घ्या ना."

मी समजून घेतलं नाही. बराच वेळ बोलले, आणि हळू आवाजात बोलले नाही. तो ऐकून घेत राहिला, त्याचाच जास्त राग आला. निघताना त्याच्या फोटोचा माझ्या मोबाइलवर फोटो घेतला.

जयंती मंडळाची पोरं घरी येऊन गेली होती ती वेगळीच. चांगली पोरं आहेत, दादांच्या पाया पडतात. "दादा, यंदा मशीन राहू द्या," ती म्हणाली. "टेबलावर ठेवलं अन् त्यायनं तिथंच तमाशा केला तर कार्यक्रमाला गालबोट लागंल. हे मिटलं की पुढच्या साली ठेवू." दादांनी मान हलवली होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पुढच्या सालाची मान हलवून बसला.  आपला बाप चोराचा मुलगा म्हणून जाणार की काय, हे माझ्या डोक्यातून निघेना.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी डोंगरकड्याला. हत्यारांची पिशवी घेऊनच जायची. डोक्यात एकच होतं: हे मशीन कधीचं, कुठल्या जातीचं, ते मशीनकडूनच वदवून घ्यायचं. जुने ग्रामोफोन जमवणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकले. उत्तरं येईपर्यंत धीर नव्हताच. फोटोतलं मशीन मोठं करून पाहत राहिले, इतकं की डोळे मिटले तरी ते दिसायचं.

त्या मशीनचा भोंगा पाकळ्यापाकळ्यांचा, गडद रंगाचा. पत्र्याच्या पट्ट्या जोडून केलेला, प्रत्येक जोडावर उभी कड. आमचा पितळेचा, एकसंध, गुळगुळीत. पण भोंगा काय, बदलता येतो. मग पेटी पाहिली. त्यांच्या पेटीच्या चारी कोपऱ्यांवर कोरीव खांब होते, वरची कड पायरीपायरीची. आमची पेटी साधी, सरळ, अंगानं बरीच उंच. पण पेटीही नवी करून घेतली, असं कोणी म्हणू शकतं. एवढी उंच का, असं मला तेव्हाच वाटलं होतं. उत्तर मात्र सुचलं नाही.

"काहून एवढं करून राहिली?" दादा म्हणाले. "देऊन टाकू त्याला. माझं काय, दोन दिवसाचं राहिलं."

"दिलं म्हणजे कबूल केलं असं होईल."

ते उठून केळीच्या बागेकडे फेरी मारायला गेले. आजकाल ते सारखे उठून जायचे, मी पिशवी उघडली की हटकून.

त्या दुपारी मी भोंगा उतरवला. भोंग्याला धरून ठेवणारी जाड पट्टी पेटीच्या पाठीवर दोन बोल्टांनी बसवली होती. बोल्ट हातात घेतला आणि सवयीनं पिशवीतून गेज काढलं. दातेरी पात्यांचं छोटं गेज असतं, ते आट्यांवर बसवून पाहायचं. थाळीखालच्या फळीचे स्क्रू आधी पाहिले होते, ते सगळे इंची आट्यांचे. जुन्या विलायती मालाला तेच असणार. भोंग्याच्या बोल्टवर इंची पातं बसेना. मिलिमीटरचं पातं लावलं, चपखल बसलं.

मी तो बोल्ट कितीतरी वेळ नुसताच फिरवत राहिले. मिलिमीटरचे आटे आपल्याकडे फार उशिरा आले, आजोबा त्याआधीच गेले होते. हा बोल्ट आजोबा गेल्यानंतरचा. म्हणजे पट्टी नंतरची, म्हणजे भोंगा नंतरचा. ज्या भोंग्याला चिंच लावून लावून माझी बोटं लहानपणी सोलून निघायची, तो बैलगाडीतून आलाच नव्हता.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली, आणि आधी का दिसली नाही याचा संताप आला. बोल्टची भोकं पॉलिशमधून आरपार पाडलेली, कडा कच्च्या, आतलं लाकूड पांढरं. पेटीच्या मागच्या वरच्या कडेला मेण भरलेल्या दोन चौकोनी खाचा. नखानं मेण उकरलं तर बिजागऱ्यांची जागा. या पेटीला झाकण होतं! भोंग्याच्या मशीनला कशाला असेल झाकण? ते मिटायला भोंगाच आडवा येतो. सुई धरणारी डबी उघडली. आत अभ्रकाची चकती असेल असं मला वाटलं होतं, कारण ग्रुपवरचे लोक जुन्या मशीनांत तीच असते म्हणत होते. निघाली ती पातळ ॲल्युमिनियमची, वळ्यावळ्यांची. ती पुढच्या काळातली.

शेवटी थाळीखालची फळी मोटरसकट उचलली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. स्प्रिंगच्या डब्याच्या पुढं, पेटीच्या पोटात, लाकडाचा एक निमुळता कप्पा होता. पुढं रुंद होत गेलेला. भोंगाच होता तो, पेटीच्या आत दडवलेला. भोंगेवाल्या मशीनांच्या नंतर अशी मशीनं आली होती, आवाज पुढच्या जाळीतून बाहेर येणारी. कोणीतरी त्या कप्प्यात वाकडा पितळी नळ खुपसून आवाज मागच्या बाजूला वळवला होता. आणि कप्प्याच्या तोंडाशी लाकडी जाळी होती, नक्षीची, शाबूत. तिच्या पलीकडे मात्र अंधार. कारण पेटीच्या दर्शनी बाजूला बाहेरून एक सपाट फळी स्क्रूंनी बसवलेली होती. ती मी जन्मापासून पाहत आले होते आणि तीच पेटी समजत होते.

जीव एवढा हलका झाला की मी ओसरीवरच येरझाऱ्या घालायला लागले. फोटोतलं मशीन भोंग्याचं. आमचं मुळात बिनभोंग्याचं, त्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी घडवलेलं. ही पेटी त्या घरात कधी गेलेलीच नाही. फळी काढली, जाळी दाखवली, की विषय संपला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसले आणि फळीच्या पहिल्या स्क्रूला लावला.

"त्या फळीला हात लावू नको."

दादा फाटकात उभे होते. एवढ्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. बोल्ट दाखवला, खाचा दाखवल्या, आतला कप्पा दाखवला. घाईघाईत, एकावर एक. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "मला काय सांगती? भोंगा मीच लावला. नांदेडला बँडची वाजंत्री दुरुस्त करणारा एक जण व्हता, त्याच्याकडून बनवून घेतला."

"आणि आजोबा छातीशी धरून आले ते?"

"ते पेटीच धरून आले व्हते. भोंगा मी घातला गोष्टीत."

मी भडकले. पोरं मशीन ठेवू नका म्हणाली, अख्खं गाव कुजबुजतंय, तुमच्या बापाला चोर म्हणतायत आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून केळी बघत फिरताय? असं बरंच. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "फळीच्या मागं मायची बोटं हायत."

माझी आजी मला थोडी आठवते. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच विळ्यानं अर्धं गेलेलं होतं. भाकरी थापली की तिच्यावर बोटांचे ठसे उमटायचे, त्यात एक आखूड. साडेचार बोटांची भाकरी म्हणून आम्ही पोरं तीच मागायचो. दादा सांगत होते ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं, धर्मांतराच्या आधीचं. आजोबांनी मशीन आणून घरात ठेवलं तेव्हा नव्या वस्तूला ओढतात तशी आजीनं त्याच्या तोंडावर, जाळीच्या वरच्या लाकडावर, हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली.

"मग धर्मांतर झालं," दादा म्हणाले. "थोडा मोठा झालो तसा मीच पुढं व्हतो त्या कामात. घरोघर जायचो. देव्हारे काढा, देवांचे टाक नदीत सोडा, चौकटीवरचं हळदीकुंकू पुसा. समोरच्या वहिनीच्या कणगीवर बोटं व्हती. ती म्हणली, राहू द्या भाऊजी, नव्या संसाराची हायत. मी म्हणलं, न्हाई. उभं राहून घासायला लावली तिला. राखेनं घासली तिनं. अन् घरी आलो तर मशीन समोर. फडकं भिजवलं. पर पुसणं न्हाई झालं माझ्याच्यानं. माय चुलीपाशी बसून बघून राहिली व्हती. दुसऱ्या दिवशी फळी मारली."

फळी मारली आणि आवाज कोंडला. जयंतीला लावलं तर घोगरं काहीतरी ऐकू यायचं, पोरं हसायची. मग नांदेड, मग पितळेचा नळ, मग भोंगा. भोंगा आडवा येतो म्हणून झाकण काढलं. आणि एवढा मोठा भोंगा कुठून आला, असं लोक विचारायला लागले म्हणून ती गोष्ट. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं. म्हणून मी हत्यारं पुसत बसले.

"फक्त त्या माणसाला घरी बोलावून आतलं दाखवू," मी म्हटलं. "फळी न काढता. वरून दिसतंय सगळं."

"त्यानं घरी येऊन म्हणलं न्हवतं," दादा म्हणाले. "गावात म्हणलं."

त्यानंतर जयंतीपर्यंत माझं कशातच लक्ष लागलं नाही. वर्गात पोरांवर खेकसत होते. रात्री उठून पाणी प्यायचं, परत झोपायचं. दादा काय करणार ते सांगत नव्हते. मंडळाच्या पोरांना मात्र त्यांनी निरोप धाडला होता की मशीन येणार, आणि कार्यालयवाल्यालाही, की फोटो घेऊन ये.

तो आला. पांढऱ्या शर्टात, गाडी लांब लावून, फोटो पिशवीत घालून. वंदना झाली. निळे झेंडे, नवी लुगडी, डीजेची गाडी कोपऱ्यावर तयार. टेबलावर पेटी होती आणि तिच्यावर भोंगा नव्हता; तो आणि आतला नळ दादांनी सकाळीच माझ्याकडून उतरवून घेतला होता. भोंगा माझ्या मांडीवर होता, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. लोकांत कुजबुज सुरू झाली. दादा उभे राहिले, या वेळी गोष्ट सांगितली नाही. "हे मशीन आपलं न्हाई असं काही जण म्हणतात," एवढंच म्हणाले, आणि मला खूण केली.

मी बोल्ट, खाचा, आतला कप्पा, सगळं कार्यालयवाल्याला दाखवलं. सांगण्यात चूक झाली नाही. तो वाकून पाहत होता. फोटो पेटीशेजारी धरला, खांब पाहिले, झाकणाच्या खाचा बोटानं चाचपल्या.

"मला वाटलं, भोंग्याचं मशीन म्हणजे तेच," तो म्हणाला.

"भोंगा नांदेडचा हाय. मी केलेला," दादा म्हणाले. "तो बघून कोनीबी चुकलं असतं. तू चुकला त्यात माझाबी हात हाय."

त्यानं फोटो परत पिशवीत घातला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे आमचं न्हवं. चुकलं काका माझं." आणि गेला नाही, मागं जाऊन उभा राहिला.

इथं थांबता आलं असतं. मला वाटलं, थांबतील. आजोबा सुटले होते, पोरांनी टाळ्याही वाजवल्या. पण दादांनी माझ्याकडे हात केला आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्यांना स्क्रूची खाच सापडत नव्हती. मी पुढं झाले तर मान हलवून नको म्हणाले. एकेक स्क्रू काढायला त्यांना फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

फळी निघाली. जाळी वरच्या पॉलिशसकट नवी वाटावी अशी राहिली होती. तिच्यावरच्या पट्टीवर रेघा होत्या. कुंकू काळपट पडलेलं, हळद मात्र अजून पिवळी. हळदीला ऊन लागलं की ती उडते, हे आमच्याकडे कोणालाही माहीत असतं. हिला ऊन लागलंच नव्हतं. चार रेघा सरळ वरून आलेल्या आणि मधली खाली सुरू झालेली, आखूड.

विहारासमोर हळदीकुंकू. मंडळातला एक जण फडकं घेऊन पुढं आला आणि हळूच म्हणाला, "दादा, पुसून घेऊ का?"

दादा उत्तर देणार तेवढ्यात समोरच्या काकू उठल्या. आमच्या घरासमोर राहतात त्याच, कणगीवाल्या. दादांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्याच असतील. नातीचा हात धरून त्या टेबलापाशी आल्या, वाकल्या आणि रेघांजवळ तोंड नेऊन पाहिलं.

"आत्याबाईचा हात हाय हा," त्या म्हणाल्या. "बोट बघा की."

"व्हय वहिनी," दादा म्हणाले.

"माझी तर पुसायला लावली व्हती तुमी."

"व्हय."

"अन् ही ठेवली."

"ठेवली," दादा म्हणाले. "झाकून ठेवली. चुकलं माझं."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्या पोराकडे पाहून म्हणाल्या, "फडकं ठेव ते. लावा मशीन."

दादांनी किल्ली फिरवली आणि सुई ठेवली. भोंग्यातून यायचा तसा मोठा आवाज आला नाही. बारीक, खालच्या पट्टीतली शहनाई जाळीतून यायला लागली, आणि ऐकू यावं म्हणून लोक पुढं सरकले. दादांनी आपली खुर्ची काकूंसाठी पुढं केली. ती त्यांनी घेतली नाही. तबकडी संपेपर्यंत त्या पेटीसमोर उभ्याच राहिल्या, आणि मग दादाही बसले नाहीत.